धमकीची भाषा आणि माघारीची वाट

व्यासपीठावरून दिलेली धमकी टाळ्यांबरोबर विरून जात नाही. प्रतिस्पर्धी राष्ट्राच्या दरबारी तिची नोंद होते, तितकेच जहाल प्रत्युत्तर देणे तेथील सत्ताधीशांस प्रतिष्ठेखातर भाग पडते, आणि अखेरीस उभय पक्षांनी आपली माघारीची वाट आपल्याच हातांनी बुजविलेली असते. १९६५ च्या एप्रिलात कच्छच्या रणात उडालेल्या चकमकी, ऑगस्टात काश्मिरात झालेली घुसखोरी आणि ६ सप्टेंबरला भारतीय फौजांनी पंजाबात ओलांडलेली सरहद्द, हा क्रम त्याचीच साक्ष देतो.

त्या समयी संरक्षण खाते यशवंतराव चव्हाणांकडे, तर महाराष्ट्राचा कारभार पुसदनजीकच्या गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक यांच्याकडे होता. परदेशी गव्हावर विसंबलेल्या देशाला युद्ध किती महाग पडते हे ओळखूनच नाईकांनी संकरित ज्वारीचा हिरीरीने पुरस्कार केला. पूस नदीकाठच्या कास्तकाराला तोफांचा आवाज ऐकू येत नसेल, परंतु २०२२ मध्ये युक्रेनात युद्ध पेटताच पालाशयुक्त खताच्या गोणीचा वाढीव भाव त्याने येथल्याच दुकानात मोजला.

म्हणूनच १९८८ च्या करारान्वये भारत व पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीस अणुप्रकल्पांच्या याद्या परस्परांस देतात, हा रूक्ष दफ्तरी रिवाज शंभर गर्जनांहून मोलाचा आहे. १० मे २०२५ रोजी या दोन देशांतील संघर्ष थांबला तोही उभय सैन्यांच्या अधिकाऱ्यांमधील दूरध्वनीनंतरच. सैन्य सज्ज असावे, यात दुमत नाही. मात्र मते मागण्यासाठी युद्धाची भाषा वापरणाऱ्या पुढाऱ्यास, ते थांबविण्याची तजवीज काय, हा सवाल मतदारांनी भरसभेत केलाच पाहिजे.