दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर किती?

ग्वाल्हेर-इंदूरकडच्या ज्या मराठी घरांतील मुले कॅलिफोर्नियात नोकरीस आहेत, तेथे एक प्रश्न वारंवार आमच्या कानी पडतो : तिकडून यावयाचे झाल्यास वेळ किती लागतो? प्रश्न साधा, पण त्यामागे काळजी असते. घरात कोणी अंथरुणास खिळले म्हणजे किलोमीटर कोणी विचारीत नाही, तासच विचारतात. आणि हे तास केवळ किलोमीटरांवरून काढता येत नाहीत.

भिंतीवरचा नकाशा या कामी बाजूसच ठेवावा. मुलांचा पृथ्वीगोल घेऊन दिल्लीपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणून पाहावा. तो ना युरोपाकडे वळतो, ना जपानकडे. हिमालय, तिबेट, सायबेरिया, आर्क्टिक महासागर ओलांडून तो अलास्कावरून खाली उतरतो. ही लांबी सुमारे १२,४०० किलोमीटर.

परंतु दोऱ्यास जे जमते ते विमानास जमत नाही. आतील हवेचा दाब अकस्मात घटला, तर प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून वैमानिकास विमान सुमारे तीन हजार मीटरपर्यंत खाली आणावे लागते. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटरच्या घरात! खाली उतरावे तरी कोठे? म्हणून ती वाट सहसा टाळली जाते.

मग पर्याय दोन : पश्चिमेस अटलांटिकवरून, अथवा पूर्वेस पॅसिफिकवरून. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने पॅसिफिकची वाट धरली. अटलांटिकवरून १३,९०० किलोमीटर पडत. पॅसिफिकवरून १५,३०० झाले. तरीही विमान साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास आधी पोहोचले. भागाकार करून पाहा : ताशी १,०५५ किलोमीटर. विमानाचा स्वतःचा वेग ताशी नऊशेच्या आसपास. उरलेले दान वाऱ्याचे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हे वेगवान झोत आहेत. पृथ्वीच्या फिरण्याने गाव आपोआप जवळ येते, असा समज पुष्कळ सुशिक्षितांतही आढळतो. तो खरा नव्हे. जमिनीबरोबर हवाही फिरते आणि हवेबरोबर विमानही.

या पूर्वेच्या वाटेची एक गंमत सांगितली पाहिजे. सोमवारी पहाटे चारला दिल्लीहून निघून पंधरा तास उडालेला मनुष्य उन्हाळ्यात तेथे सोमवारीच सकाळी साडेसहाला उतरतो. श्रावणी सोमवार करणाऱ्याने फराळाची बेगमी जरा अधिक ठेवावी.

आता मूळ प्रश्न : येण्याचा. तेच वारे तोंडावर आले, तर ताशी साडेसातशेच हाती राहतील आणि त्याच वाटेने वीस तास लागतील. म्हणून परतीचा मार्ग त्या त्या दिवसाचा वारा पाहून आखतात. जाण्याचे तास येण्यास लावणे फसवे आहे.

वाऱ्याखेरीज राजकारणही आडवे येते. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांस आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्ली व उत्तर अमेरिका यांमधील कित्येक विमानांना वळसा घेऊन व्हिएन्ना वा कोपनहेगन येथे इंधनासाठी उतरावे लागले. अशा वेळी घरच्यांनी गेल्या खेपेचे तास धरून घड्याळाकडे डोळे लावू नयेत. विमान सुटल्यावर त्या दिवसाची पोहोचण्याची वेळ विचारून घ्यावी, आणि दिल्लीहून पुढची गाडी मग ठरवावी.