नकार त्याचा की आजाराचा?

'त्याला डिप्रेशन आहे', 'तिला बायपोलर आहे' हे शब्द आता तालुक्याच्या गावातही ऐकू येतात. एका अर्थी हे चांगलेच. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक आजार असल्याचे दिसले. त्यातल्या बहुतेकांवर उपचारच होत नव्हते. २०१७ च्या कायद्याने असे उपचार मिळणे हा हक्क ठरला. आजारी माणसाकडे बघण्याची नजर हळूहळू बदलते आहे. पण अशा माणसाने नातं तोडलं, तर मागे राहिलेल्या मुलीचं काय?

महिला मंडळाच्या कामात अशा मुली भेटतात. रोज तासन् तास बोलणारा मुलगा एकाएकी गप्प होतो, 'माझा नाद सोड' म्हणतो. आई म्हणते, 'वेडाच होता, सुटलीस बाई!' मैत्रिणी म्हणतात, 'आजारी आहे गं, तुझ्या प्रेमाने होईल बरा.' पहिल्या बोलण्यात त्याच्या आजाराची टिंगल आहे आणि तिच्या दुःखाचीही. दुसरे तर जास्त घातक. 'लग्न करून द्या, ताळ्यावर येईल' म्हणणाऱ्या जुन्या समजुतीचंच ते नवं रूप. बाई म्हणजे काय औषधाची गोळी आहे?

डिप्रेशनमध्ये आवडत्या माणसाशी बोलणंही ओझं वाटू शकतं. बायपोलरमध्ये उन्मादाच्या काळात भराभर आणाभाका होतात आणि पुढे मन खचलं की तोच माणूस मिटून जातो. म्हणून मुलगी रात्रंदिवस एकच कोडं घालत बसते, 'हे तो बोलला की त्याचा आजार?' मैत्रिणींनो, हे कोडं बाहेरून सुटत नाही आणि सोडवायची गरजही नाही. आजारी माणसाचा नकार हाही नकारच असतो. 'मनातून त्याला मी हवीच आहे' असे धरून मेसेजवर मेसेज करणे म्हणजे त्याच्या शब्दाला किंमत न देणे. उद्या तो बरा होऊन आला तर तेव्हाचं तेव्हा बघू, त्या आशेवर आजचं आयुष्य टांगून ठेवू नये. मात्र तो मरणाची भाषा करत असेल, तर लगेच त्याच्या घरच्यांना कळवावे. नातं तुटलं तरी माणुसकी तुटत नाही.

आणि आयांनो, मुलीला मोकळेपणी रडू द्या. 'तुझ्यातच काही कमी असेल' म्हणू नका, लगेच स्थळंही दाखवू नका. झोप आणि जेवण दोन आठवडे उडालं असेल, तर तिला डॉक्टरांकडे न्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, मराठीतही बोलता येतं. हा नंबर फक्त आजारी माणसासाठी नाही, त्याच्यामुळे जिचं मन दुखावलं तिच्यासाठीही आहे.