पेनाने आलेलं पेनानेच जातं



२० सप्टेंबर २०२५, शनिवार. पहाटे साडेपाचला फोन वाजला. माझ्या प्रयोगशाळेतली एक पोस्टडॉक आईच्या ऑपरेशनसाठी नाशिकला गेली होती, तिचा फोन. "सर, आई अजून आयसीयूत आहे. पण सगळे म्हणतायत आजच्या आज निघा. काय करू?"

आदल्या दिवशी अध्यक्ष ट्रम्प यांनी एक घोषणापत्र काढलं होतं. एच-वन-बीच्या अर्जामागे एक लाख डॉलर, आणि अंमल शनिवारी मध्यरात्रीपासून. हे फक्त नव्या अर्जांना की परत येणाऱ्या जुन्या लोकांनाही, हे त्या मजकुरावरून कोणालाच नीट कळत नव्हतं. कंपन्यांचे वकील आपापल्या माणसांना "परत या" म्हणून कळवत होते. शनिवारी उशिरा सरकारकडून खुलासा आला: फक्त नव्या अर्जांना, तेही एकदाच. तोवर कितीतरी लोकांनी विमानाची तिकिटं काढली होती. माझ्या पोस्टडॉकनेही काढलं होतं. खुलासा वाचून तिने ते रद्द केलं.

संध्याकाळी अण्णा चहाला आले. अण्णा म्हणजे आमच्या न्यू जर्सीतल्या गावातले सगळ्यांचे अण्णा. वय सत्तर, निवृत्त इंजिनियर, आणि नागरिक झाल्यापासूनचे रिपब्लिकन. मी दिवसभराचा राग त्यांच्यावर काढला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, तुझ्या बायकोच्या कार्डाची पार्टी आठवते का?"

आठवत होती. त्या दिवशी मी त्यांच्याशी फार वाईट वागलो होतो. आजचा लेख त्याबद्दल आहे.

माझी बायको आर्किटेक्ट. लग्न होऊन इथे आली ती एच-फोरवर, आणि पाच वर्षं घरी बसली. आपल्यातल्या बऱ्याच जणींना ही पाच वर्षं समजावून सांगायची गरज नाही. २०१५ च्या मे महिन्यात ओबामा सरकारचा नियम लागू झाला आणि ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांच्या एच-फोर जोडीदारांना काम करायची परवानगी मिळाली. तिचं कार्ड आलं त्या शनिवारी आम्ही वीसएक लोकांना जेवायला बोलावलं. श्रीखंड-पुरीचा बेत होता. अण्णांनी तिला मनापासून आशीर्वाद दिला आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "छान झालं. पण हे काँग्रेसने दिलेलं नाही, सरकारने दिलंय. पेनाने आलेलं पेनानेच जातं, एवढं लक्षात ठेव."

मी म्हटलं, "अण्णा, निदान आज तरी तुमचा ओबामाद्वेष घरी ठेवून यायचं होतं." ते पुढे काही बोलले नाहीत. न जेवता गेले नाहीत, पण लवकर गेले.

अडीच वर्षांनी, डिसेंबर २०१७ मध्ये, नव्या सरकारने हा नियम मागे घेण्याचा इरादा जाहीर केला. तो प्रस्ताव २०२१ च्या जानेवारीपर्यंत टांगणीला होता. तेवढा काळ आमच्या घरात घर घेण्यापासून मुलाच्या डे-केअरपर्यंत प्रत्येक निर्णयाच्या शेवटी एकच वाक्य यायचं: "कार्ड गेलं तर?" सुदैवाने ते गेलं नाही. पण अण्णांना काय म्हणायचं होतं, ते त्या तीन वर्षांत मला कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण मी त्यांना मनातल्या मनात एका खणात टाकून खण बंद केला होता.

न्यायाने सांगायचं तर अण्णांचीही तुलना पूर्ण बरोबर नव्हती. एच-फोरचा नियम आधी प्रस्ताव म्हणून जाहीर झाला होता, त्यावर लोकांच्या हरकती मागवल्या होत्या आणि मग तो पक्का झाला होता. शुक्रवारी सही आणि शनिवारी मध्यरात्री अंमल, असा तो प्रकार नव्हता. हा फरक मोठा आहे. तरीही मूळ प्रश्न उरतोच: जे काम कायदेमंडळाचं, ते अध्यक्षाच्या सहीने किती करून घ्यायचं?

ओबामांच्या काळात गंभीर कॉन्झर्व्हेटिव्ह टीकाकार हाच प्रश्न विचारत होते. २०११ मध्ये ओबामांनी स्वतःच सांगितलं होतं की, केवळ आदेश काढून हद्दपाऱ्या थांबवणं आपल्या अधिकारात नाही. जून २०१२ मध्ये 'डाका' आला. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की, काँग्रेस काही करत नसेल तर आपल्याकडे पेन आहे आणि फोन आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याहून मोठा 'डापा' आला. तो न्यायालयात अडकला आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशी मतं पडल्यामुळे अडकलेलाच राहिला. सिनेट सुट्टीवर असल्याचं सांगून केलेल्या नेमणुका तर जून २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ९-० ने बेकायदा ठरवल्या. नऊ-शून्य! म्हणजे ओबामांनी स्वतः नेमलेल्या दोन न्यायमूर्तींसकट. त्या निकालावर आपण कितीजण बोललो?

आपल्या बाजूने एक सबब खरी होती. त्या काळात ओबामांवर जे काही फेकलं जात होतं त्यातलं बरंचसं टीका या नावाला लायक नव्हतं. त्यांच्या जन्मदाखल्याबद्दलचा खोटेपणा, त्यांच्या मधल्या नावाची कुजबूज, रंगाबद्दलचा द्वेष, हे सगळं होतंच. पण आमच्या धंद्यात यंत्रातून गोंगाट फार येतो म्हणून कोणी सगळीच मोजमापं फेकून देत नाही. गोंगाटातून मोजमाप वेगळं कसं काढायचं ते शिकतो. राजकारणात मात्र आपण गोंगाटाची सबब सांगून यंत्रच बंद केलं.

मग खरी टीका ओळखायची कशी? मला एकच कसोटी सापडली आहे. टीकाकाराने तोच आक्षेप आपला माणूस खुर्चीत असतानाही घेतला होता का?

या कसोटीवर काही लोक उतरतात. बुश यांच्या काळात ब्रूस बार्टलेट हे रेगन यांच्या व्हाइट हाउसमध्ये काम केलेले अर्थतज्ज्ञ बुश यांच्या बेसुमार खर्चावर पुस्तक लिहीत होते. २००५ मध्ये त्यांची थिंक टँकमधली नोकरी गेली. आधुनिक कॉन्झर्व्हेटिव्ह चळवळ उभी करणारे विल्यम बकली यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये इराकमधली अमेरिकेची मोहीम फसल्याचं लिहिलं. त्याआधी, ऑगस्ट १९७४ मध्ये, बॅरी गोल्डवॉटर दोन रिपब्लिकन नेत्यांबरोबर निक्सन यांना भेटले आणि सिनेटमध्ये तुमच्यामागे पुरेशी मतं उरलेली नाहीत, हे त्यांच्या तोंडावर सांगितलं. दुसऱ्याच दिवशी निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला.

२०२५ मध्येही असे लोक होते. जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावरचा आदेश निघाला २० जानेवारीला. तीनच दिवसांत सिएटलमध्ये तो थांबवणारे न्यायाधीश जॉन कॉगनॉर हे रेगन यांनी नेमलेले. एप्रिलमध्ये एल साल्वादोरच्या तुरुंगात चुकून पाठवलेल्या माणसाच्या खटल्यात, आज सुनावणीशिवाय परक्याला पाठवलंत तर उद्या नागरिकाला पाठवणार नाही याची खात्री काय, असं विचारणारे हार्वी विल्किन्सन, तेही रेगन यांनीच नेमलेले. जूनमध्ये बॉस्टनमध्ये एनआयएचची अनुदानं रद्द करणं बेकायदा ठरवणारे विल्यम यंग, पुन्हा रेगन यांचेच. (ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५-४ मतांनी त्यांच्या आदेशाचा अनुदानांबाबतचा भाग स्थगित केला, हेही सांगायला हवं.) माझ्यासारख्या एनआयएचच्या पैशावर जगणाऱ्या माणसाला, आपली बाजू रेगनच्या न्यायाधीशाने उचलून धरावी, ही गोष्ट पचायला थोडा वेळ लागला. संशोधन संस्थांचा अप्रत्यक्ष खर्च १५ टक्क्यांवर आणायचा निर्णय फेब्रुवारीत आला तेव्हा सुझन कॉलिन्स यांनी रिपब्लिकन असूनही विरोध केला. आणि आयात कर लावायचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर २ एप्रिलला सिनेटमध्ये कॅनडावरच्या करांविरुद्ध ठराव ५१-४८ ने मंजूर झाला, तो चार रिपब्लिकन सिनेटर फुटले म्हणून.

चारच, हेही खरं. २०१४ मध्ये ओबामांच्या पेनाविरुद्ध राज्यघटना उंचावून भाषणं करणारे बाकीचे लोक २०२५ मध्ये गप्प बसले. ते कसोटीवर नापास झाले, आणि तसं म्हणायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

अण्णा कोणत्या गटातले? २०१६ पासून ते मतपत्रिकेवर अध्यक्षपदाची जागा कोरी सोडतात; खालच्या जागांना रिपब्लिकनच. मी त्यांना एकदा विचारलं, "अण्णा, तुम्ही इतके कट्टर कसे झालात?" मला वाटलं होतं रेगनचं नाव घेतील. ते म्हणाले, "आणीबाणीमुळे."

१९७५ साली अण्णा पुण्यात इंजिनियरिंगला होते. मोहन धारिया तेव्हा काँग्रेसचे, इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळातले. जयप्रकाशांशी बोलणी करा असं उघडपणे म्हणाले म्हणून मार्च १९७५ मध्ये त्यांचं मंत्रिपद गेलं आणि आणीबाणीत ते तुरुंगात गेले. १९७७ ला ते पुण्यातून जनता पक्षातर्फे उभे राहिले, तेव्हा अण्णांनी रात्र रात्र पोस्टर्स चिकटवली. "विरोधी पक्षाचे लोक विरोध करणारच रे," अण्णा म्हणाले, "त्यांचं ते कामच. पण घरातला माणूस उठून 'हे चूक आहे' म्हणाला, तेव्हा आम्हाला पटलं की खरंच काहीतरी चूक असणार. एका माणसाच्या सहीवर देश चालला की काय होतं ते मी एकवीस महिने बघितलंय. सही कोणाची, हा प्रश्न माझ्यासाठी दुय्यम आहे."

ज्या आणीबाणीने आपल्यातल्या अनेकांच्या घरात पुरोगामी विचार रुजवला, त्याच आणीबाणीने अण्णांना रिपब्लिकन केलं होतं. वीस वर्षांच्या ओळखीत मी हे कधी विचारलंच नव्हतं.

आता आपल्याकडे वळू. बायडन यांनी विद्यार्थ्यांची कर्जं माफ करायचं जाहीर केलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. सुमारे ४०० अब्ज डॉलरची गोष्ट, काँग्रेसच्या मतदानाशिवाय. नॅन्सी पेलोसी यांनी २०२१ मध्येच सांगितलं होतं की, असा अधिकार अध्यक्षाला नाही, काँग्रेसला आहे. म्हणजे आपल्या घरातल्याच माणसाने सांगितलं होतं. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजना ६-३ ने रद्द केली तेव्हा मी न्यायालयाला शिव्या घातल्या. पेलोसींचं म्हणणं मला आठवलंही नाही. त्या दिवशी मीही कसोटीवर नापास झालो.

मी अण्णांचं सगळं मान्य केलं आहे असं मात्र समजू नका. माझा त्यांच्याशी एक वाद अजून चालू आहे. लहानपणी आईबापांबरोबर इथे आलेल्या मुलांसाठीचा 'ड्रीम ॲक्ट' काँग्रेसपुढे पहिल्यांदा आला २००१ मध्ये. डिसेंबर २०१० मध्ये तो हाउसमध्ये मंजूर झाला, सिनेटमध्ये बहुमत असूनही साठ मतं नाहीत म्हणून पडला. "मग त्या मुलांनी काय करायचं? वाट बघत म्हातारं व्हायचं?" असं मी विचारतो. अण्णा म्हणतात, "मतं जमवायची." ज्याला हद्दपारीची भीती नाही त्याला हे सांगणं सोपं आहे. या उत्तराने माझं समाधान झालेलं नाही, आणि होईल असं वाटत नाही. 'डाका' काढला नसता तर बरं झालं असतं, असं मी आजही म्हणणार नाही. पण तो काढताना आपण काय गहाण ठेवतो आहोत, याची चर्चा तरी आपल्या बैठकांमध्ये व्हायला हवी होती. ती झाली नाही, कारण ती सुरू करणारी माणसं आपल्याला नको होती.

तेव्हा एक सुचवतो. पुढच्या वेळी एखादा अध्यक्षीय आदेश वाचाल, तेव्हा खालच्या सहीवर बोट ठेवून वाचा. आमच्याकडे प्रयोगात कोणत्या रुग्णाला खरं औषध दिलं हे मोजणाऱ्यापासून लपवतात, कारण माहीत असलं की प्रामाणिक माणसाचंही मोजमाप कलतं. सही झाकून आदेश पटला तर पाठिंबा द्या, खुपला तर बोला. आणि सही आपल्या माणसाची निघाली तर जरा मोठ्याने बोला.

माझी पोस्टडॉक तीन आठवड्यांनी परत आली. आई बरी आहे. पुढच्या महिन्यात आमच्याकडे जमायचं आहे, तेव्हा विषय हाच ठेवला आहे आणि सुरुवात अण्णा करणार आहेत. दहा वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळबद्दल मी त्यांची माफी मागितली, तर म्हणाले, "माफीचं राहू दे. श्रीखंड चांगलं होतं."

आपलं मत जरूर कळवा. विरोधी असेल तर आधी कळवा.