ताप मुलाला, दंड आईला

आजारी मुलाला शाळेत पाठवू नये, या नियमाविरुद्ध कोणताही शहाणा माणूस उभा राहणार नाही. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालफुगीत सूज आल्यापासून पाच दिवस, कांजिण्यांत सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत मूल इतरांना रोग देऊ शकते. एका बाकावर तिघे दाटीने बसतात अशा वर्गात हा नियम मोडला तर आठवड्याभरात अर्धा वर्ग अंथरुणाला खिळतो. तेव्हा नियमाच्या वैद्यकीय पायाविषयी वाद नाही. वाद आहे तो त्याची किंमत कोणी मोजायची याविषयी. अमरावती-अकोल्याच्या कष्टकरी वस्त्यांत या प्रश्नाचे उत्तर आजवर एकच मिळत आले आहे : किंमत आईने मोजायची, आणि तिला ती झेपली नाही तर थोरल्या मुलीने.

'मुलास ताप, सर्दी, खोकला असल्यास घरी ठेवावे' अशी एक ओळ शाळेच्या फलकावर लिहिली जाते. या 'घरी' शब्दात एक संपूर्ण घर गृहीत धरलेले आहे. त्या घरात दिवसा एक मोठे माणूस असते, प्यायला गोडे पाणी असते, दुपारी अन्न शिजते, आणि एका दिवसाची मजुरी बुडाली म्हणून संध्याकाळची चूल थंड राहत नाही. दर्यापूर, तेल्हारा, अकोट या तालुक्यांतील भूमिहीन मजुराचे घर तसे नसते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर जमिनीखालचे पाणीच खारे. कापसाच्या वेचणीचा हिशेब तेथे किलोवर होतो. बाई रानात गेली नाही तर तिच्या नावावर एक किलोही लागत नाही. रजा, पगारी सुट्टी, आजाराचा भत्ता हे शब्द त्या हिशेबाच्या वहीत कधी शिरलेलेच नाहीत. खरिपात निंदण, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, मग वेचणी, असा तिचा कामाचा हंगाम. आणि मुलांच्या साथींचा हंगामही नेमका हाच.

मग घडते काय? आई पहाटे तापाची गोळी देते, कपाळ निवले की मुलाला गणवेश चढवते आणि रानाची वाट धरते. दुपारी गोळीचा अंमल उतरतो, ताप चढतो, आणि तोवर ते मूल शेजारच्या दोघांना आपला आजार देऊन बसलेले असते. शिक्षक चिडतात, मुख्याध्यापक पालकांना बोलावणे धाडतात, सभेत 'पालकांच्या बेजबाबदारपणा'वर भाषण होते. या भाषणात एवढेच सांगायचे राहून जाते की, ज्या नियमामागे कोणताही आधार उभा केलेला नाही तो नियम माणसाला लपवाछपवी शिकवतो. गरिबाला दंड करणारा आरोग्य-नियम रोग थांबवत नाही. तो रोग नजरेआड करतो.

वऱ्हाडाने हा धडा अलीकडेच अनुभवला आहे. राज्यात पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून सुरू झाले. महिनाही उलटला नाही तोच कोविडची दुसरी लाट याच भागात आधी उसळली आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावती शहर व अचलपूर येथे टाळेबंदी आली; अकोला, अकोट, मूर्तिजापूर येथेही निर्बंध लागले. त्या वर्षी ४ ऑक्टोबरला शाळा पुन्हा उघडल्या त्या पालकांचे संमतीपत्र घेऊन. मुलाला पाठवायचे की नाही हे पालकाने ठरवायचे, लक्षणे दिसली तर घरी ठेवायचेही पालकानेच. सही त्याची, जबाबदारी त्याची, आणि बुडालेली मजुरीही त्याचीच. पुढे २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ राज्यभर पसरली. बुलढाणा जिल्हा तिच्यात सर्वांत पुढे होता, शेजारच्या अकोला-अमरावतीलाही तिची झळ बसली. डोळे आलेले मूल घरी ठेवावे, असा सल्ला आरोग्य खात्याने दिला. सल्ला रास्त होता. मात्र निंदणाच्या ऐन दिवसांत ते मूल घरी कोणाच्या हवाली करावे, हे कोणत्याही खात्याने सांगितले नाही.

शासनाला हा प्रश्न कळतच नाही असे मानण्याचे कारण नाही. स्वतःच्या कर्मचाऱ्यांपुरता तो त्याला उत्तम कळतो. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी, त्यांच्या आजारपणासाठी, सबंध सेवाकाळात १८० दिवसांची पगारी रजा मंजूर केली. हा हक्क न्याय्य आहे आणि श्रमिक महिलांच्या चळवळीने त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण आजारी मुलापाशी आई असावी हे तत्त्व एकदा मान्य केल्यावर ते सेवापुस्तक असलेल्या आईपाशीच का थांबावे? वर्गात शिकवणाऱ्या बाईंचे मूल तापाने फणफणले तर रजेचा अर्ज. त्याच वर्गात शिकणाऱ्या मुलाची मजूर आई घरी राहिली तर उपास. एकाच शाळेच्या छपराखाली मातृत्वाच्या अशा दोन प्रती असाव्यात, हा वर्गभेद नव्हे तर दुसरे काय? कामगार राज्य विमा योजनेचे कवच ज्यांना आहे त्यांनाही आजारपणाचा लाभ मिळतो तो स्वतःच्या आजारासाठी, मुलाच्या नव्हे.

दंडाचे हप्ते येथेच संपत नाहीत. मूल घरी राहिले की त्या दिवसाचा पोषण आहार गेला. प्राथमिक शाळेतल्या मुलामागे ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने असे त्या जेवणाचे प्रमाण ठरलेले आहे; पण शिजवलेले अन्न हजर मुलाच्याच ताटात पडते. म्हणजे अन्नाची गरज ज्या दिवशी सर्वांत अधिक, नेमक्या त्याच दिवशी ताट काढून घेतले जाते. अनेक शाळा मूल परत घेताना डॉक्टरचा दाखला मागतात. गावात उपकेंद्र असले तरी डॉक्टर भेटेलच असे नाही. मग तालुक्याची एस.टी., खाजगी दवाखान्याची फी आणि मजुरीचा आणखी एक दिवस. ताप दोन दिवसांत जातो, दाखल्याला तिसरा लागतो. दहावी-बारावीला ७५ टक्के उपस्थितीची अट आहे. आजारासाठी तिच्यात सूट मिळू शकते, पण तेथेही पुढे करावा लागतो तो दाखलाच. पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण होणाऱ्याला त्याच वर्गात ठेवण्याची वाट राज्याने २०२३ साली पुन्हा मोकळी केली. तेव्हा लहान वर्गांतही गैरहजेरी महाग झाली आहे. विदर्भात सिकलसेलग्रस्त मुले मोठ्या संख्येने आहेत. त्यांना वर्षातून अनेकदा घरी बसावे लागते. त्यांच्यासाठी हा दंड आजन्म आहे.

आणि थोरल्या मुलीचे काय? धाकटा भाऊ आजारी पडला की शाळेतून तीही गळते, आणि तिला तर तापही नसतो. हजेरीपटावर तिच्यापुढे केवळ 'गैरहजर' अशी खूण उमटते. दलित, आदिवासी आणि भटक्या-विमुक्त समाजांतील गरीब मुलींनी पहिली ते चौथी शाळेत टिकावे म्हणून शासनाने १९९२ साली दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. हजर तर रुपया, गैरहजर तर नाही! तीस वर्षांत कापसाचे, गहू-तेलाचे भाव कुठल्या कुठे गेले, पण तो रुपया रुपयाच राहिला. भावाच्या उशाशी बसणारी मुलगी तोही गमावते. तिच्या या श्रमाची नोंद ना शिक्षण खात्याच्या वहीत, ना कामगार खात्याच्या.

मेळघाटात तर 'घरी ठेवावे' हे शब्दच निरर्थक ठरतात. धारणी-चिखलदऱ्याच्या आश्रमशाळेत कोरकू मूल आजारी पडते तेव्हा त्याचे आईबाप पुष्कळदा कामाच्या शोधात दूर गेलेले असतात. त्याचे घर म्हणजे शाळाच. तेथे वेगळी खोली, परिचारिका, वाहन नसेल तर नियमाचा अर्थ काय उरतो? आश्रमशाळांतील मृत्यूंचा प्रश्न इतका गंभीर झाला होता की २०१६ साली डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

यावर दोन आक्षेप हमखास येतील. पहिला शिक्षकांचा : उरलेल्या मुलांचे रक्षण आम्ही करायचे नाही काय? अवश्य करावे. पण आजार सांगणाऱ्या आईला दंड होणार नाही अशी हमी मिळाली, तरच ती आजार सांगेल. मजूर आईची सोय हीच उरलेल्या मुलांची ढाल आहे. दुसरा आक्षेप तिजोरीचा : एवढा पैसा कोठून आणायचा? स्वीडनच्या समाजवादी-लोकशाहीवादी राजवटीने १९७४ साली पालक-विमा आणला. आजारी मुलासाठी घरी राहणाऱ्या पालकाला तेथे आज एका मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत भरपाई मिळते. तो देश श्रीमंत आहे, असे कोणी म्हणेल. मग महाराष्ट्राकडेच पाहावे. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालकांकडून मजुरीवर अधिभार घेऊन ज्या हमालाला नेमका मालकच नव्हता त्याला भविष्यनिर्वाह निधी आणि रजेचा पगार मिळवून दिला. अकोला-अमरावतीच्या बाजारपेठांतून, जिनिंग-प्रेसिंगमधून जाणाऱ्या प्रत्येक क्विंटलमागे अल्पसा अधिभार घेऊन वेचणाऱ्या बाईसाठी असा निधी का उभा राहू नये? तिच्या बोटांशिवाय ती गाठ बांधलीच जात नाही.

मागण्या म्हणूनच स्पष्ट असल्या पाहिजेत. आजारी मुलासाठी घरी राहणाऱ्या मजूर पालकाला वर्षातून किमान १० दिवसांची किमान वेतनाइतकी भरपाई. आजारामुळे गैरहजर मुलाच्या घरी त्या दिवसांचा कोरडा शिधा. कोविडकाळात शाळा बंद असताना शिधा घरी देणे शासनाला जमले होते, ते आजही जमेल. साध्या तापासाठी दाखल्याची सक्ती बंद. आशाताईंचा किंवा शिक्षकांचा शेरा पुरेसा मानावा. आजाराची गैरहजेरी, आणि आजारी भावंडासाठी घरी राहिलेल्या मुलीचीही गैरहजेरी, उपस्थितीच्या हिशेबातून व भत्त्यातून वजा होऊ नये. तिचा बुडालेला अभ्यास शाळेने भरून द्यावा. प्रत्येक केंद्रशाळेला एक परिचारिका, प्रत्येक आश्रमशाळेला आजारी मुलांची खोली आणि वाहन. वर्षातून एकदा येणाऱ्या तपासणी पथकावर ही भूक भागत नाही.

कार्यकर्त्यांनी यासाठी मुंबईच्या मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या जागांवर गावातली वजनदार मंडळी बसतात, कारण मजूर आईला सभेची वेळ परवडत नाही आणि कार्यकर्ता तिकडे फिरकत नाही. येत्या वेचणीपूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या भागातील एक तरी सभा संध्याकाळी घ्यायला लावावी, मजूर स्त्रियांना तेथे न्यावे, हजेरीपट उघडायला लावावा आणि ठराव लिहून घ्यावा. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला आणि त्या रोगानेच त्यांचा बळी घेतला. त्यांची तसबीर भिंतीवर लावून त्याखालच्या फलकावर 'घरी ठेवावे' एवढेच लिहिणाऱ्या शाळेला, कोणाच्या घरी आणि कोणाच्या जिवावर, हे विचारण्याची वेळ आली आहे.