बजेट येईपर्यंत ट्यूब गुंडाळा!

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण तुमच्या-माझ्या घरातलं कोणी ना कोणी कधीतरी रुग्णवाहिकेत झोपणार आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात स्पेअर पार्ट आणायला चिपळूणहून कराडला निघालो होतो. पोफळी सोडली, कुंभार्ली घाट लागला आणि पुढे एक सरकारी रुग्णवाहिका. सायरन चालू, वरचा दिवा चालू आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चाललेली. मागे काळ्या धुराचा लोट. भरलेले ट्रक तिला ओव्हरटेक करून जात होते. रुग्णवाहिकेला, ट्रक!

एका रुंद वळणावर ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. मीही थांबलो. माझं डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे, त्यामुळे तो धूर बघून आजार कळला होता. आत एक वयस्कर पेशंट, नाकाला ऑक्सिजन, शेजारी त्यांची मुलगी. ती एकच विचारत होती, "काका, पोचू ना?"

बॉनेट उघडलं. टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा रबरी होज बोटभर फाटलेला. आजूबाजूला सगळं तेलाने काळं. आणि फाटलेल्या जागी काय, तर सायकलची ट्यूब गुंडाळून वर तार आवळलेली. तार गंजलेली होती. म्हणजे हा होज फाटलाय हे त्या दिवशी कळलेलं नाही, केव्हाच कळलेलं आहे.

ड्रायव्हर म्हणाला, "दादा, तीन वेळा लॉगबुकात लिहून दिलंय. बजेट आलं की बघू म्हणतात."

माझ्याकडे टेप होती, दोन क्लिपा होत्या. कसंबसं बांधून दिलं, एक्सिलेटर जोरात दाबू नका म्हणून सांगितलं आणि कराडपर्यंत त्यांच्या मागे मागे गेलो. पेशंट सुखरूप आहे. नशीब त्यांचं. व्यवस्थेचं त्यात काही नाही.

कुठल्या रुग्णालयाची गाडी ते लिहीत नाही. लिहिलं तर ड्रायव्हरची बदली होईल आणि होज तसाच राहील.

आता ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. इंजिनातून निघालेला गरम धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून फिरवून गार करतात. या सगळ्यांना जोडणारे जे रबरी पाइप, ते हे होज. त्यातला एक फाटला की दाबलेली हवा वाटेतच निसटते. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत हवा आत शिरतानाच सेन्सर मोजून घेतो. गळती होते त्याच्या पुढे. गाडीला वाटतं हवा भरपूर आली, ती तेवढं डिझेल सोडते. हवा नाही, डिझेल जास्त, म्हणजे काळा धूर. पिकअप गेला, ॲव्हरेज गेलं. कमी पडलेली हवा भरून काढायला टर्बो जास्त फिरतो आणि लवकर मरतो. काजळीने पुढचे भाग चोंदतात ते वेगळंच.

होज गाडीप्रमाणे काही शे रुपयांपासून दोन-चार हजारांपर्यंत येतो. टर्बो बदलायचा तर हजारांचे आकडे पाचावर जातात. हे गणित तिसरीतल्या पोराला कळतं. सहीचा अधिकार असलेल्यांना कळत नाही.

कोणी म्हणेल, गाडी जुनी झाली असेल, काढा भंगारात. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून बंद झालीच आहे. ठीक. पण ही गाडी तेवढी जुनी नाही. रबराला नोंदणीचं वर्ष कळत नाही. इंजिनाची उष्णता, आमच्या रस्त्यांचे हादरे आणि आतून येणारी तेलाची वाफ यांनी रबर आधी फुगतं, मग मऊ पडतं, मग फाटतं. ती झीज आहे, टायरसारखीच. टायर गुळगुळीत झाला तर बदलतो ना आपण? मग होज का नाही? कारण तो दिसत नाही. आणि नवी गाडी आली की फीत कापता येते, होज बदलल्याचा फोटो कोणी छापत नाही.

दुसरे म्हणतील, पीयूसी असेलच की गाडीची. होती! मी मुद्दाम बघितली. डिझेल गाडीची पीयूसी कशी होते ठाऊक आहे? गाडी जागेवर उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, एक्सिलेटर झटक्यात दाबायचा आणि धूर मोजायचा. बीएस-४ गाडीला मर्यादा १.६२. पण न्यूट्रलमध्ये इंजिनावर भार नसतो, त्यामुळे टर्बोचा पूर्ण दाबही तयार होत नाही. दाब नाही तर गळतीही थोडी. फाटका होज घेऊन गाडी पास होते आणि पेशंट घेऊन घाट चढायला लागली की नापास. सपाटीवर उभं करून घाटाची परीक्षा घेणारी ही पद्धत आहे.

आमच्या धंद्यातल्या लोकांनाही सोडत नाही. होज फाटलेला असताना "टर्बो गेला" म्हणून बिल फाडणारे आपल्यात आहेत. फुटपट्टीने मापून, मिळेल तो कूलंटचा पाइप टर्बोला बसवणारे आहेत. साधा सिलिकॉनचा होज घातला तर तेल हळूहळू बाहेर पाझरतं, आतून तेल सोसणारा थर लागतो. क्लिप रुंद आणि चांगली लागते, आणि पाइपाच्या तोंडावरचं तेल पुसल्याशिवाय चढवली तर पहिल्या चढावर निसटते. हे आपल्याला माहीत असून आपण करत नसू, तर साहेबांना बोलायचा आपल्याला अधिकार नाही.

आता नुसता राग काढून थांबत नाही. मागणी चार ओळींची आहे:

१. सरकारी आणि निमसरकारी डिझेल गाड्यांचे होज, क्लिपा, बेल्ट हे झिजणारे भाग म्हणून धरा. दर सर्व्हिसिंगला हात लावून बघा, पावसाळ्याआधी तर नक्कीच, आणि ठरलेल्या मुदतीत बदला. फाटायची वाट बघू नका.

२. ड्रायव्हरने लॉगबुकात तक्रार लिहिली की त्याखाली तारखेसह उत्तर हवं. रुग्णवाहिका असेल तर त्याच दिवशी.

३. ठरावीक रकमेपर्यंतच्या दुरुस्तीचा अधिकार तिथल्या तिथे द्या. ऑडिटची भीती वाटते ना? पावती घ्या, फोटो काढा, जुना भाग जपून ठेवा. हिशेब हवाच. पण हिशेबासाठी पेशंट घाटात थांबणार नाही.

४. सहा महिन्यांतून एकदा गाडी चढावर चालवून तपासा. हवेचा दाब देऊन जोडांवर साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे दिसतात, पंक्चरवाल्याकडे दिसतात तसे. याला मोठं यंत्र लागत नाही, अर्धा तास लागतो.

आणि तुम्ही-आम्ही काय करायचं? माहिती अधिकार कायदा २००५ साली आला. दहा रुपये शुल्क लागतं. आपल्या गावच्या रुग्णवाहिकेच्या लॉगबुकाची आणि दुरुस्ती नोंदवहीची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ड्रायव्हरने कधी काय लिहिलं आणि साहेबांनी त्याचं काय केलं, दोन्ही एकाच कागदावर समोर येईल. हा अर्ज मी स्वतः टाकतोय. आणखी दहा जणांनी टाकला तर बरं होईल.

काल त्या ड्रायव्हरला फोन केला. विचारलं, होज बदलला का? म्हणाला, "दादा, कोटेशन मागवलंय." माझी टेप अजून तशीच आहे आणि गाडी रोज पेशंट नेतेय.

त्या गाडीचा नवा होज मी आणून दुकानात ठेवलाय. ज्यांच्या हाती सही आहे त्यांनी गाडी पाठवावी. मजुरी घेणार नाही. पण पावती पक्की देणार, तारखेसह.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये बोला, उत्तर देतो.