केसांचा घसारा

व्यापारी कुटुंबांना ‘घसारा’ हा शब्द वहीखात्यातून परिचित आहे. केसांनाही तो लागू पडतो. केस मुळाशी तेवढा जिवंत असतो. त्वचेबाहेर आलेला भाग निर्जीव. म्हणून जखम भरून येते, तसा तुटका केस सांधला जात नाही. केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटीमीटर वाढतो. म्हणजे ६० सेंटीमीटर लांब वेणीचे टोक चार-पाच वर्षांचे जुने असते आणि तितक्या काळाचे ऊन, घाम व कंगवा त्याने सोसलेले असतात.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मुंबईस जाणाऱ्या मुलींचा नित्यक्रम पाहावा. पहाटे न्हायचे, ओल्या केसांची घट्ट वेणी घालायची आणि लोकल गाठायची. ओला केस ओढला की ताणला जातो व सहज तुटतो. शिवाय घट्ट वेणी किंवा उंच पोनीटेल रोज त्याच जागी मुळे ओढते; कपाळाच्या कडेचे आणि कानशिलांवरचे केस विरळ होऊ लागतात. वेळीच बांधणी सैल केल्यास ते परत येतात. वर्षानुवर्षे ओढ चालू राहिल्यास मुळेच नष्ट होतात. बांधल्यावर डोके दुखणे हा पहिला इशारा. न्हाणे आदल्या संध्याकाळी उरकावे आणि सकाळी कोरड्या केसांची सैल वेणी घालावी.

एकच बाटली साऱ्या घराला, ही काटकसरही तपासून पाहावी. सरळ, पातळ केस लवकर तेलकट होतात. ते वरचेवर सौम्य शाम्पूने धुवावेत आणि थोडे वाळल्यावरच विंचरावेत. कुरळ्या केसांत टाळूचे तेल टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून ते कोरडे राहतात. ते कमी वेळा धुवावेत. कंडिशनर लावून, ओलसर असतानाच, मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर सोडवावेत. कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याने केस राठ होत असतील, तर शेवटचे पाणी नळाचे घ्यावे.

घरगुती उपायांत अंडी व मध सुचवले जातात. जैन घरात ते वर्ज्यच, आणि त्यावाचून काही अडतही नाही. धुण्याआधी खोबरेल लावल्यास केसांतील प्रथिनांची हानी घटते, असे मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले. (कंपनी खोबरेलच विकते, हेही व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावे.)

लग्नसराईत केस सरळ करून घेण्याची टूम मात्र अधिक गंभीर आहे. ‘केराटिन’ नावावर भुलू नये. प्रसाधनांतील केराटिन बहुधा लोकर, पिसे यांपासून काढलेले असते आणि केस सरळ करण्याचे काम पुष्कळदा रसायनेच करतात. फॉर्मल्डिहाइडला पर्याय म्हणून ग्लायऑक्सिलिक आम्ल आले. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्रान्समधील वैद्यांनी २६ वर्षांच्या एका स्त्रीची हकिकत दिली. तिने तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांस इजा झाली. टाळूची आग, उलट्या, पाठदुखी ही तिची लक्षणे होती. खुर्चीत बसण्यापूर्वी बाटलीवरील घटक वाचायला मागावेत. ही दोन नावे दिसली, किंवा बाटलीवर लेबलच नसले, तर सरळ उठून यावे. भरलेली आगाऊ रक्कम बुडाली तरी चालेल.