कपाटातला मृत साठा

(बी.कॉम., चौथे सत्र, मराठी विभाग)

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा, हे आपण प्राथमिक शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. त्यांपैकी अन्न जास्त झाले तर दुसऱ्या दिवशी त्याला वास येतो आणि निवारा अपुरा पडला तर पाहुणे आलेल्या रात्रीच ते समजते. वस्त्राचे मात्र तसे नाही. घडी घालून ठेवले की ते वर्षानुवर्षे गुपचूप बसून राहते. त्यामुळे घरात गरजेपेक्षा किती कापड साठले आहे, याचा पत्ता कपाटाचे दार लागेनासे झाले म्हणजेच लागतो.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना वर्षअखेरीस मालाच्या साठ्याची मोजदाद कशी करावी हे शिकवतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ती आमच्या घरच्या कपड्यांवर करून पाहिली. आमचे घर आळंद तालुक्यातले, सात एकर कोरडवाहू जमिनीचे. घरात लोखंडी कपाटे दोन आणि ट्रंका तीन. त्यांतून निघालेला माल असा : आईच्या साड्या ६४, पैकी वर्षभरात नेसलेल्या १७. न शिवलेले ब्लाउजपीस ९१. प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधीच बाहेर न आलेले टॉवेल २६. पांढऱ्या टोप्या ३८. आणि घरात टोपी घालणारे एकटे आजोबा, तेही एकच टोपी धुऊन धुऊन वापरणारे. माझे स्वतःचे शर्ट ११, अंगावर फिरतात ते ५.

व्यापारात न खपता पडून राहिलेल्या मालाला मृत साठा म्हणतात. साठ्याची किंमत ठरवताना खरेदीची किंमत आणि विकून प्रत्यक्ष हाती येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती धरावी, असा हिशेबशास्त्राचा नियम आहे. हा नियम कपाटाला लावून पाहा. चारशे-साडेचारशेची साडी दारावर आलेल्या बोहारणीपुढे टाकली, तर ती उलटीसुलटी करून पाहते आणि तसल्या तीन-चार साड्यांवर एक स्टीलचे पातेले देते. ब्लाउजपीस तर ती हातातही धरीत नाही. म्हणजे आमच्या कपाटात जी मालमत्ता आहे असे आम्ही समजत होतो, तिची किंमत फार तर बारा-पंधरा पातेली!

आता प्रश्न असा, की हा साठा आला कोठून? आई हौसेने कपडे घेणारी नाही. मोजदाद करताना मी प्रत्येक साडी कुठली, हे तिला विचारीत गेलो. उत्तरे अशी : "ही मावशीच्या नणंदेच्या लग्नातली." "ही वास्तुशांतीची." "ही कुणी दिली आठवत नाही, पण वहीत असेल." चौसष्टांपैकी तिने स्वतः पसंत करून घेतलेल्या साड्या तेरा निघाल्या. बाकी साऱ्या आहेराच्या. टॉवेल-टोप्या तर शंभर टक्के आहेराच्या, आणि ब्लाउजपीस ओटीचे.

आपल्या भागात लग्न ठरले की पहिली मोठी खरेदी म्हणजे बस्ता. कलबुर्गी जिल्हा तुरीचे कोठार म्हणून ओळखला जातो. डिसेंबर-जानेवारीत तूर निघते, तिचे पैसे हाती येतात, आणि लगेच लग्नसराई उभी राहते. मग दोन्हीकडची दहा-पंधरा माणसे जीप करून सोलापूरला, कलबुर्गीला किंवा उमरग्याला जातात आणि दिवसभर गादीवर बसून बस्ता बांधतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उमरगा तिकडे मुंबई राज्यात गेले आणि आळंद इकडे म्हैसूर राज्यात आले. पण सोयरीक काही सीमेने तुटली नाही. आजही आहेराची गाठोडी एस.टी.तून इकडे येतात आणि आपल्या बसमधून तिकडे जातात.

कापडाच्या दुकानात एक प्रश्न ठरलेला असतो. तुम्हीही तो ऐकला असेल. साडी दाखवा म्हटले की दुकानदार विचारतो, "नेसायची दाखवू, का द्यायची?" वाचकहो, या प्रश्नावर जरा विचार करा. द्यायची साडी वेगळ्या मांडणीवर असते. ती स्वस्त असते, चकचकीत असते, आणि ती कुणी नेसणार नाही हे विकणाऱ्याला, घेणाऱ्याला, देणाऱ्याला आणि स्वीकारणाऱ्याला, अशा चौघांनाही ठाऊक असते. जे वस्त्र अंगावर घालण्यासाठी घेतलेच जात नाही, ते वस्त्र कसले? ते एक नाणे आहे. एका लग्नात मिळाले, दुसऱ्या लग्नात दिले. या घरातून त्या घरात फिरता फिरता त्याच्या घड्या पिवळ्या पडतात. शेवटी ते अशा घरी पोहोचते, की जिथे पुढचे कार्य लवकर नसते. तिथे ते कपाटात शिरते आणि मरते.

कन्नड भाषेत आहेराला 'मुय्यी' असा शब्द आहे. तो मला फार प्रामाणिक वाटतो, कारण त्याचा अर्थच मुळी परतफेड असा आहे; 'मुय्यीगे मुय्यी' म्हणजे जशास तसे! आपण मराठीत आहेराला प्रेमाची भेट म्हणतो खरे. पण प्रत्येक घरात आहेराची वही असतेच. कुणी काय दिले, कोणत्या कार्यात दिले, किती वाराचे दिले, सारे त्यात लिहिलेले. ही वही म्हणजे शुद्ध खतावणी आहे. येणे आणि देणे. आणि परतफेड करताना घेतल्यापेक्षा चार पैसे वरचढ करायची, असा रिवाज असल्यामुळे तिच्यात व्याजही आहे.

पूर्वी असे नव्हते काय? आहेर पूर्वीही होता. पण पूर्वीचे कापड मरत नव्हते, ते झिजत होते. आजी सांगते, सुती लुगडे मधे विरले की विरलेला भाग काढून उरलेल्या दोन तुकड्यांना दंड घालीत आणि तेच लुगडे आणखी वर्षभर नेसत. मग त्याची बाळासाठी दुपटी होत, पाण्याच्या घागरीखाली चुंबळ होई, उरलेल्याची गोधडी शिवली जाई. गोधडीला आपल्याकडचे कन्नड भाषिक कौदी म्हणतात. धावदोरा मात्र दोन्ही भाषांत एकच. आणि गोधडीही फाटली की शेवटी पोतेरे. एका लुगड्याचे असे पाच जन्म होत. मग घरात पॉलिएस्टर आले. ते फाटत नाही, विटत नाही, पाणी शोषत नाही. त्याचे फडके होत नाही, दुपटे तर नाहीच नाही, आणि त्याची गोधडी घसरते व उकडते. म्हणजे आहेराने कापड घरात येण्याचे दार उघडे ठेवले आणि पॉलिएस्टरने ते बाहेर जाण्याचे दार बंद केले. कपाट भरणार नाही तर काय होईल?

कपाट आवरण्याचे शास्त्र हल्ली जगभर लोकप्रिय आहे. जपानमधील मारी कोंडो या बाईंचे २०११ साली निघालेले पुस्तक अनेक भाषांत गेले. प्रत्येक वस्तू हातात घ्या, ती आनंद देत असेल तर ठेवा, नाहीतर तिचा निरोप घ्या, असे त्या सांगतात. सल्ला चांगला आहे. परंतु तो स्वतःच्या हाताने कपाट भरणाऱ्या माणसासाठी आहे. आमचे कपाट भावकीने भरलेले असते. आज रिकामे केले तर वैशाखात पुन्हा भरेल.

दुसरा सल्ला असतो दानाचा. तोही पुरा पडत नाही. श्रीमंत देशांनी दान केलेल्या आणि टाकून दिलेल्या कपड्यांचे ढीग आज चिली देशातील अटाकामाच्या वाळवंटात पडलेले आहेत. आपल्या हरियाणातील पानिपत येथे परदेशची जुनी लोकरी वस्त्रे फाडून त्यांचे पुन्हा सूत करतात व घोंगड्या विणतात. पण तेही सगळे पचवू शकत नाही. या बाबतीत मला दिल्लीच्या 'गूंज' या संस्थेचा विचार पटतो. १९९९ साली अंशु गुप्ता यांनी ती सुरू केली आणि २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावकऱ्यांनी विहीर, रस्ता, बंधारा असे गावाचे काम करायचे आणि कपडे त्याचा मोबदला म्हणून घ्यायचे, अशी तिची पद्धत आहे. कपडा घेणाऱ्याची मान त्यामुळे खाली जात नाही. आपण मात्र बटणे तुटलेला शर्ट मोलकरणीच्या मुलाला देतो आणि वर तो त्याने घातला की नाही याची चौकशी करतो!

या विचारांना घरात विरोध झाला नाही असे नाही. आजी म्हणाली, "लेकरा, कापड कधी वाया जात नसतंय. अडीनडीला कामाला येतंय." तिचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. १९७२ च्या दुष्काळात तिने दुष्काळी कामावर खडी फोडली आहे, आणि त्या वर्षी तिच्याजवळ दोन लुगडी होती. ज्याने अभाव पाहिला त्याला भरलेले कपाट म्हणजे धीर वाटतो. परंतु अडीनडीला उपयोगी पडते ते सुती, मजबूत, वापरता येणारे कापड. न शिवता येणारे पातळ ब्लाउजपीस कोणत्या अडचणीत कामाला येणार? आजीच्या ट्रंकेतील तिच्या आईची इरकल मात्र कुणी बाहेर काढू नये. ती नेसली जात नसली तरी ती साठा नव्हे. आठवणीच्या वस्त्रांसाठी प्रत्येक घरात एक ट्रंक असावी. फक्त एकच असावी.

येत्या वैशाखात माझ्या अक्काचे लग्न आहे. बस्त्याची यादी झाली तेव्हा तिच्यात 'मानाच्या' साड्या ४२ आणि टॉवेल-टोप्यांचे १५० जोड होते. मी आकडेमोड केली. साडी ४५० रुपये आणि टॉवेल-टोपी ८० रुपये धरली तरी ३०,९०० रुपये होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा सरकारी हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये आहे. म्हणजे जवळजवळ चार क्विंटल तूर, आमच्या रानातल्या एका एकराहून अधिकचे वर्षाचे पीक, आम्ही कुणीही न वापरण्याच्या कापडात घालणार! अण्णा ऐकून गप्प बसले. थोरले काका म्हणाले, "मग आजवर आपण दिलेलं कसं फिटायचं?" त्यावर माझ्याजवळ वाणिज्य शाखेचे उत्तर होते : जी येणी वसूल होऊन उपयोगाची नाहीत, ती बुडीत खाती टाकावीत. काकांना ते आवडले नाही. अक्काने मात्र मुद्द्याचे सांगितले. ती म्हणाली, "मला सहाच साड्या द्या, पण त्या मी निवडीन. आणि आत्याला, मावशीला विचारून त्यांना नेसावीशी वाटेल अशी एकेक घ्या." टॉवेल-टोप्या यादीतून गेल्या आहेत. साड्यांचा निर्णय हे लिहीपर्यंत झालेला नाही.

हे काही नवे बंड नाही. शेजारच्या बसवकल्याणला बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी कायक आणि दासोह शिकवला : श्रमाने मिळवावे आणि गरजेपुरते ठेवून बाकीचे समाजाला द्यावे. महात्मा फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि साध्या, कमी खर्चाच्या विवाहाची पद्धत घालून दिली. गाडगे महाराज आयुष्यभर चिंध्या जोडलेले वस्त्र ल्याले, आणि कर्ज काढून सणसमारंभ करू नका, असे गावोगाव कीर्तनातून सांगत फिरले. आपण या तिघांचेही फोटो भिंतीवर लावतो. आणि त्याच भिंतीला टेकवून आहेराची कपाटे ठेवतो.

म्हणून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, वर्षातून एकदा कपाटाची मोजदाद करावी. आपले आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि पाडवा, म्हणजेच उगादी, त्याच सुमारास येते. तो मुहूर्त उत्तम. मागच्या उगादीपासून जे एकदाही अंगावर चढले नाही ते बाजूला काढावे. दुसरी, बाजूला काढलेल्यांपैकी धड असेल तेच धुऊन, बटणे लावून, घेणाऱ्याला विचारून द्यावे. सुती असेल त्याची गोधडी किंवा फडकी करावीत. तिसरी आणि मुख्य गोष्ट, न वापरण्याचे वस्त्र आपण कुणाला देऊ नये आणि कुणाकडून घेऊ नये. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असे छापणे पुरेसे नाही. आपणही तो वाटू नये.

मित्रमैत्रिणींनो, हा अंक वाचणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांची लग्ने येत्या पाच-दहा वर्षांत होतील. बस्त्याच्या याद्या होतील तेव्हा आपण तिथे असणार आहोत, आणि दुकानदाराच्या त्या प्रश्नाला "आम्हाला फक्त नेसायच्याच दाखवा" असे उत्तर देणे आपल्या हाती आहे. तोवर येत्या पाडव्याला घरचे कपाट एकदा उघडा, सारे मोजा, आणि ते आकडे घरातल्या सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवा.